झाडं पाहाले मुंबईले

दिवाळीच्या फराळाचे डबे अजून खरवडायचे राहिले होते, तेव्हा आमच्या पोरीनं जेवता जेवता जाहीर केलं की तिला उर्वशी पाहायची आहे.

आईचा घास हातातच थांबला. "कोनाची व्हय थे?"

पोरगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि विषय बॉटनी. तिच्यासमोर कोणतंही झाड नुसतं झाड म्हणून उभं राहू शकत नाही. अंगणातल्या तुळशीला ती ऑसिमम म्हणते आणि आई देवघरातून तिच्यावर ओरडते. तर खुलासा असा की उर्वशी हे झाड आहे. मूळचं ब्रह्मदेशाचं. नथॅनिएल वॉलिक या शास्त्रज्ञानं त्याला गव्हर्नर जनरलच्या बायकोचं, लेडी ॲमहर्स्टचं, नाव दिलं. (ही पद्धत पुढं चालली नाही ते बरं. नाही तर यवतमाळच्या सागबनात बदलून गेलेल्या एकेका साहेबाच्या बाईसाहेब आज रांगेनं उभ्या असत्या.) ते नाव आपल्या जिभेला पेलेना, म्हणून असेल किंवा फुलं पाहून कोणाचं भान गेलं म्हणून असेल, मराठीत तिची उर्वशी झाली. झुंबरासारखे लोंबणारे लाल फुलोरे, पाकळीवर पिवळा ठिपका. आणि ही बाई मुंबईला भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभी आहे. फेब्रुवारी-मार्चात फुलते.

"झाडं पाहाले मुंबईले?" मामा म्हणाले.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. वनखात्यात गार्ड होते. उभी नोकरी पांढरकवड्याकडच्या जंगलात गेली. साग, येन, धावडा, मोह, तेंदू, सालई यांच्या पलीकडे जगात काही असेल यावर त्यांचा विश्वास नाही, आणि असलंच तर त्याची वाहतूक परवान्याशिवाय होत असणार याची त्यांना खात्री आहे. "आपल्या इकडची झाडं मेली काय? टिपेश्वरात जाय. फुकट हायेत. वरतून वाघ."

मुद्दा बिनतोड होता. पण आमच्याकडे बिनतोड मुद्दा मांडणाऱ्या माणसाचं कोणी ऐकत नाही. झाड पाहायला जायचं तर ते लांब पाहिजे. दत्त चौकातल्या निंबाखाली आयुष्य काढलेल्या माणसाला तो निंब आहे हे तोडल्यावर समजतं. सातशे किलोमीटरवरचं झाड मात्र आत्तापासूनच डोळ्यांसमोर डोलू लागलं. शिवाय आमच्या सौभाग्यवतींची बहीण डोंबिवलीला असते आणि तिच्याकडे जायला आठ वर्षांत एकही सबळ कारण मिळालं नव्हतं.

आधी पर्यायांवर विचार झाला. यवतमाळच्या माणसाला कोणत्याही प्रवासाचा पहिला पर्याय नागपूर हाच असतो, मग तो प्रवास काशीचा का असेना. नागपूरला महाराजबाग आहे, नागपूरकर भोसल्यांची. पण इथल्या प्रत्येकानं शाळेच्या सहलीत ती पाहिली आहे आणि तिथल्या माकडांनी प्रत्येकाला. पोरीला खरं तर कलकत्त्याचंच मोठं बोटॅनिकल गार्डन हवं होतं. शिबपूरचं. १७८७ सालचं, पावणेतीनशे एकरांचं. ते मुळात कलकत्त्यात नाहीच, नदीच्या अलीकडे हावड्यात आहे, म्हणजे गाडीतून उतरलं की आलंच, असा तिचा युक्तिवाद. तिथं तो जगप्रसिद्ध वड आहे. त्याचं मूळ खोड बुरशी लागून सडलं म्हणून १९२५ साली काढून टाकलं, आणि वड आजही पारंब्यांवर उभा आहे, वाढतो आहे.

आईनं हे नीट ऐकून घेतलं. मग तिची शंका आली. "बुडच नाई, तं दोरा कुठी गुंडाळाचा?"

या प्रश्नावर वनस्पतिशास्त्रात उत्तर नाही. वटपौर्णिमेला तिथल्या बायका काय करत असतील? पोरीनं मोबाइलवर हिशेब काढला. वडाभोवती पूर्वी बांधलेला रस्ताच ३३० मीटरचा. सात फेरे म्हणजे दोन किलोमीटरच्या वर सूत. मामा म्हणाले, कापसाचा जिल्हा आहे आपला, सुताचं काय घेऊन बसली. पण आई हटली. सात जन्मांच्या कामासाठी एवढं चालणं तिच्या गुडघ्यांना झेपणार नव्हतं. कलकत्ता रद्द झालं.

राहता राहिली मुंबई. आणि इथं समोरचे गुरुजी मैदानात उतरले.

गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांच्याकडे दोनशे पानी वही असते आणि वहीला नेहमी काहीतरी नियोजन हवं असतं. पूर्वी शाळा होती. आता कोणाचं लग्न, कोणाचं बारसं, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, काहीही चालतं. आमच्या बेताची बातमी लागताच ते ओट्यावर येऊन बसले आणि पहिल्या पानावर समास आखून त्यांनी शीर्षक लिहिलं: "वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, भायखळा : पूर्वतयारी." हे घड्याळी तासाचं काम आहे असं आम्हाला वाटलं होतं. पूर्वतयारी सव्वातीन महिने चालली.

पहिल्या बैठकीत इतिहास झाला. १९ नोव्हेंबर १८६२ ला गव्हर्नरच्या बायकोनं, लेडी फ्रिअरनं, बाग उघडली. नाव व्हिक्टोरिया गार्डन. राणीचं नाव म्हणून लोक राणीचा बाग म्हणू लागले. (राणीचा बाग की राणीची बाग यावर अर्धा तास गेला. जुने मुंबईकर 'चा' म्हणतात. गुरुजींनी 'ची' लिहून कंसात 'चा' टाकलं. अशी तडजोड व्याकरणात चालत नाही. आमच्या बोळीत चालते.) १९६९ साली बागेला जिजाऊंचं नाव मिळालं.

"आणि जिजाऊ कुठल्या?" गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. वर्गात असल्यासारखे आम्ही गप्प.

"सिंदखेडराजा," आमचं पोरगं म्हणालं.

"जिल्हा?"

"बुलडाणा."

"म्हंजे वऱ्हाडच. आणि १९६९ ला मुख्यमंत्री कोण होतं? वसंतराव नाईक. गहुलीचे. आपल्या पुसदचे."

आईनं मान डोलावली. आता शंका उरली नव्हती. माहेरची बाई, जिल्ह्यातला मुख्यमंत्री. बाग आपलीच होती, फक्त चुकून भायखळ्याला ठेवली गेली होती. बघायला न जाणं हे आता आळशीपणाचं नाही तर अपमानाचं ठरलं असतं.

मामा तरी हलेनात. त्यांच्यासाठी गुरुजींनी वेगळं पान काढलं. मुंबई म्हणजे सिमेंट, असं तुम्ही म्हणता ना, मग ही नावं ऐका : वडाळा, चिंचपोकळी, ताडदेव, फणसवाडी, उंबरखाडी. भेंडी बाजार म्हणजे भाजीची भेंडी नाही, भेंडीचं झाड. आणि भायखळा? बहाव्याचं खळं, असं एक मत आहे. मामांनी विडी विझवली. आपल्याकडेही उमरखेड आहे, बोरी आहे, पिंपळगावं तर मोजू नयेत इतकी आहेत. नावातलं झाड गावात उरलंच असेल असं नाही, हे मामांइतकं कोणाला ठाऊक? पण बहाव्याच्या नावानं वसलेली जागा त्यांना खोटी म्हणवेना. "बरं, पाहू," म्हणाले. मामांच्या भाषेत हा होकार असतो.

मग गुरुजींचं जाण्या-येण्याचं प्रकरण सुरू झालं, आणि इथं बाहेरच्या वाचकाला थोडं समजावून सांगायला हवं. यवतमाळ हे जिल्ह्याचं ठिकाण आहे, पण मुंबईची गाडी धरायला आम्हाला आधी गाव सोडावं लागतं. एके काळी आमच्याकडे शकुंतला होती, मूर्तिजापूरला जाणारी नॅरोगेज. ती इतकी सावकाश जायची की चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून पुन्हा त्याच डब्यात चढता येई, असं जुने लोक सांगतात. तीही आता बंद आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा मोठा मार्ग होतो आहे. २८ फेब्रुवारी २०२४ ला त्याची वर्ध्याहून कळंबपर्यंतची गाडी सुरू झाली. कळंबला चिंतामणी आहे. आमच्या आईचं मत असं की गाडी चिंतामणीच्या दर्शनाला थांबली आहे, दर्शन झालं की येईल. तोवर एस.टी.नं धामणगाव. धामणगावच्या फलाटावर उभं राहिलं की एकीकडे हावडा आणि दुसरीकडे मुंबई. सगळा देश दोन्ही हाताला, फक्त यवतमाळ तेवढं पन्नासेक किलोमीटर मागं राहिलेलं.

"मंग निंघत काहून नाई?" मामांनी एका संध्याकाळी विचारलं. महिना झाला होता. व्हॉट्सॲपवर दोन गट झाले होते, पोराचा 'मिशन पेंग्विन' आणि पोरीचा 'उर्वशी'. दोन्हीत माणसं तीच होती आणि दोन्हीत फक्त गुरुजी लिहायचे. "टिपेश्वरचा थो वाघ आठवते काय? २०१९ मधला?"

आठवत होता. कोणाला नाही आठवत! गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला तरुण वाघ. जूनमध्ये टिपेश्वरातून निघाला, तेलंगणाचा कोपरा फिरला, रस्ते-नदी-शेतं-रूळ ओलांडत पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर चालला आणि डिसेंबरात बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला.

"रिझर्वेशन केलं होतं काय त्यानं? समास पाडले होते?"

गुरुजींनी उत्तर दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी वहीत नवं प्रकरण होतं : "उद्यानातील रहिवाशांचे प्रवास." आणि खरं सांगतो, पूर्वतयारीतलं मला आवडलेलं हे एकमेव प्रकरण. कारण त्या बागेत मूळचं असं फार कोणी नाहीच. उर्वशी ब्रह्मदेशातून आली. गोरखचिंच आफ्रिकेतून. कैलासपती, ज्याच्या फुलात महादेवाची पिंड आणि वर नागाचा फणा दिसतो, तो दक्षिण अमेरिकेतून. पेंग्विन २०१६ साली दक्षिण कोरियातल्या सोलहून विमानानं आले. मूळ गाव पेरू-चिलीचा किनारा. फोर्टातला काळा घोडा, म्हणजे घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड, १९६५ साली तिथून उठवून याच बागेत आणून ठेवला. त्याच्या नावाचा चौक फोर्टातच राहिला आणि घोडा भायखळ्याला. आणि सगळ्यांवर कडी तो दगडी हत्ती. घारापुरीच्या बेटाला ज्याच्यामुळं पोर्तुगीजांनी एलेफंटा नाव दिलं तोच. १८६४ साली त्याला विलायतेला न्यायचं ठरलं. सगळं नियोजन झालं. उचलताना तो पडला आणि तुकडे झाले. विलायत राहिली; पुढं १९१४ साली तुकडे जोडून त्याला बागेत उभं केलं.

"पाह्यलं?" मामा म्हणाले. "ज्याचं नियोजन केलं थोच पडला."

डोंबिवलीच्या साडूंना फोन लावला. तीस वर्षं मुंबईत आहेत. राणीच्या बागेला चौथीत असताना गेले होते आणि त्यांना हत्तीवर बसल्याचं आठवतं, किंवा बसू न दिल्याचं. "झाडं? झाडं आहेत का तिथं?" त्यांनी विचारलं. "आम्हाला वाटलं, पेंग्विन आहेत." त्यांचा एकच सल्ला : रविवारी येऊ नका, बाग दिसणार नाही, माणसं दिसतील. आणि बुधवारी बाग बंद असते.

हे शेवटचं वाक्य त्यांनी सहज टाकलं. त्यानं आमचे तीन आठवडे खाल्ले.

बेत असा होता की संध्याकाळी धामणगावहून विदर्भ एक्सप्रेस धरायची, सकाळी मुंबईत उतरायचं. म्हणजे निघण्याचा वार वेगळा आणि पोहोचण्याचा वेगळा. गुरुजींनी तक्ता आखला. शनिवारी निघालं तर रविवारी पोहोचतो. साडूंनी मनाई केलेली. शुक्रवारी आणि रविवारी पश्चिमेला दिशाशूल, मुंबई पश्चिमेला. हे पंचांगाचं काम गुरुजी मानत नाहीत, पण काकू मानतात, आणि गुरुजी काकूंना मानतात. सोमवारी मामांचा कडक उपवास. त्या दिवशी ते घरच्या माठाशिवाय पाणी घेत नाहीत. गुरुवार आमच्या सौभाग्यवतींनी खोडला. गाडी शेगाववरून जाते. गुरुवारी, महाराजांच्या वारी, शेगावला गाडी थांबणार आणि आपण बर्थवर पडून राहणार? तिला हे सहन होणार नव्हतं. ती उतरली असती आणि तिच्यामागं आम्ही सगळे. मंगळवारी निघालं तर बुधवारी पोहोचतो, बाग बंद.

राहिला बुधवार. बुधवारी निघायचं, गुरुवारी बाग.

"बुधवारी?" आई म्हणाली. "बुधवारी घरचं मानूस घराबाहेर पाठवते काय कोनी? बुधवारचा गेला मानूस लवकर वापस येत नाई."

"आजी, परतीचं रिझर्वेशन आहे," पोरगी म्हणाली.

"रिझर्वेशन मानूस आनत नाई."

तर असे सातही वार संपले. मी हा तक्ता अजून जपून ठेवला आहे. सरकारी कचेरीत काम न करण्याची इतकी कारणं एका कागदावर मी पाहिलेली नाहीत, आणि मी कचेरीतच असतो. त्यात रेल्वेचं आरक्षण दोन महिने आधी उघडतं. दोन महिने आधी सहा माणसांचं एकमत होणं हे ज्यानं गृहीत धरलं, त्याच्या घरी आई, मामा आणि बॉटनी यांपैकी काहीतरी कमी असणार. पोरीनं शेवटी कोणाला न विचारता मोबाइलवर पाहिलं. सहा बर्थ एकत्र फक्त एकाच वारी मिळत होते. बुधवारी. तिनं काढून टाकले आणि मग सांगितलं.

घरात दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी काकू पदराला हात पुसत आल्या आणि एका शब्दात गाठ सोडवली : "परस्थान."

प्रस्थान नव्या पोरांना माहीत नसेल. निघण्याचा दिवस वाईट असला तर आदल्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू, थोडे तांदूळ, सुपारी, हळकुंड, पिशवीत घालून जाण्याच्या दिशेतल्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास त्या दिवशीच सुरू झाला. दुसऱ्या दिवशी आपण फक्त मागाहून जायचं आणि पिशवी उचलायची. देवाला चकवायची यापेक्षा सभ्य युक्ती माझ्या पाहण्यात नाही. गुरुजींचं घर आमच्या बरोबर पश्चिमेला, बोळीच्या पलीकडे. मंगळवारी सकाळी आईनं पिशवी भरली आणि मी ती नेऊन गुरुजींच्या कोनाड्यात ठेवली. सातशे किलोमीटरपैकी वीस फूट अंतर चांगल्या वारी कापलं गेलं.

पिशवी हलकी वाटते म्हणून प्रत्येकानं तिच्यात काहीतरी टाकलं. आपलं काहीतरी हवंच ना! मामांनी चष्म्याची डबी टाकली. पोरीनं झाडांच्या नावांची यादी. आणि गुरुजींनी ती दोनशे पानी वही, आता एकशे बारा पानं भरलेली, स्वतःच्या हातानं वर ठेवली. वहीत सगळं होतं : कोणत्या दारानं शिरायचं, कोणतं झाड कोणत्या वाटेवर, तिकिटाचा हिशेब (आई-बाप आणि दोन लहान पोरं मिळून शंभर रुपये, बाकीच्यांचं वेगळं), दशम्या कधी सोडायच्या, परत कधी फिरायचं.

बुधवारी दुपारी आम्ही निघालो. तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, ठेचा, दोन लोणची, साडूंसाठी तुरीची डाळ पाच किलो. रिक्षा दाराशी लागलेली, आई दही-साखर देतेय, गुरुजी गेटवर हात हलवताहेत. एस.टी. मिळाली, धामणगाव आलं, गाडी आली, सहाच्या सहा जणांना जागा सापडल्या. मी खिडकीशी बसून मनात म्हणालो, नियोजन असावं तर असं.

बडनेऱ्याला फोन वाजला. गुरुजी.

"भाऊ," ते म्हणाले, आणि थांबले. "परस्थान इथंच हाय."

डब्यात कोणी बोलेना. आई म्हणाली, "म्हंजे आपन निंघालोच नाई." धर्मदृष्ट्या प्रश्न अवघड होता. पिशवी मंगळवारी निघाली पण गेली नाही. आम्ही बुधवारी गेलो पण, पिशवीच्या हिशेबानं, निघालेलो नव्हतो. गुरुजींना निर्णय मागितला. फोनवर पंचांगाची पानं चाळल्याचा आवाज आला. प्रस्थान ठेवणं महत्त्वाचं, असं त्यांचं म्हणणं; न उचलल्याबद्दल कुठं काही लिहिलेलं दिसत नाही. आईचं समाधान झालं. शेगावला सौभाग्यवतींनी डब्याच्या दारातून हात जोडले आणि बुधवार असल्यामुळं उतरल्या नाहीत.

आता बागेबद्दल. तीन महिने जिची तयारी केली तिथं आम्ही साडेतीन तास होतो, आणि वही नसल्यामुळं कुठं जायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. भायखळ्याच्या दारातून शिरलो आणि जिकडे सावली तिकडे गेलो. सावली मात्र सगळीकडे होती. त्या बागेची मोजदाद झाली तेव्हा तीन हजारांवर झाडं निघाली होती. मुंबईच्या मध्यात एवढी झाडं एकाच कुंपणात उभी आहेत हे मुंबईलाच नीटसं माहीत नसावं. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाचा भला मोठा आराखडा आला तेव्हा झाडांची काळजी वाटून काही मुंबईकरणी उभ्या राहिल्या, झाडं मोजली, भांडल्या. त्यांना आमच्याकडून एक प्रस्थानाची सुपारी द्यायला हवी होती. पण ती गुरुजींच्या कोनाड्यात.

मामांचा चष्माही कोनाड्यात. त्यामुळं पाट्या वाचता येईनात. आणि तेच बरं झालं. मामा झाडाजवळ जात, सालीवर हात फिरवत, पान चुरगळून नाकाशी नेत (खाली पडलेलं, उभ्या झाडाचं पान तोडणाऱ्या पोरट्याला त्यांनी खात्याच्या आवाजात झापलं), आणि नाव सांगत. पोरगी मागून पाटी वाचून लॅटिन सांगे. चिंच, जांभूळ, वड, उंबर. मामा चुकले नाहीत. मग गोरखचिंच आली. तिच्या बुंध्यासमोर मामा गप्प झाले. दोनदा भोवती फिरले. त्यांचं डोकं आयुष्यभर एकच गणित करत आलंय. तेही सुरू झालं असणार.

"घनमीटर किती भरन?" ते पुटपुटले.

"आबाजी, याचं लाकूड स्पंजासारखं असतं. आत पाणी साठवतं. इमारतीला उपयोग नाही."

"म्हंजे कोनाच्याच कामाचं नाई?"

"नाही."

मामांनी मान डोलावली. "म्हनून जगलं."

कैलासपतीच्या खोडालाच फुलं लगडली होती. आईनं चप्पल काढून नमस्कार केला. हे झाड दक्षिण अमेरिकेतलं आहे असं नातीनं सांगितल्यावर तिनं पुन्हा एकदा केला. इतक्या दुरून आलेला देव म्हणून. कृष्णवडाचं पान कपासारखं दुमडलेलं असतं, कृष्णानं त्यात लोणी लपवलं अशी कथा. सौभाग्यवतींनी त्याकडे बराच वेळ पाहिलं आणि असल्या दोन डझन वाट्या घरी असत्या तर भांडी किती वाचली असती, एवढंच म्हणाल्या.

पेंग्विनकडे रांग होती. आख्खी मुंबई तिथं होती. काचेच्या पलीकडे सोळा-अठरा अंश, अलीकडे आम्ही. आमच्या यवतमाळला मेमध्ये पंचेचाळीसपर्यंत जातं, तेव्हा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावून आम्हीही असेच एका जागी उभे राहतो, पोट पुढं काढून, काही न बोलता. मला ते पक्षी ओळखीचे वाटले. पोरगं हलेना. बाहेर आलो तेव्हा लक्षात आलं की वर पाहत चालणारे त्या गर्दीत आम्ही सहाच होतो. बाकी सगळे पुढच्या पिंजऱ्याकडे. मुंबईकराला राणीच्या बागेतली झाडं म्हणजे आम्हाला दत्त चौकातला निंब.

उर्वशी शेवटी सापडली. एका माळीदादांनी दाखवली. फुलली होती, फार नाही, चारपाच लोंबते फुलोरे. पण त्या चारपाचांपुढंही पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं फोटो काढले नाहीत, हे मी मुद्दाम नोंदवतो. आईनं पदर सावरून नीट न्याहाळलं.

"मले वाटलं होतं, मोठी असन." मग जरा वेळानं, "येले शेंग लागते काय?"

"क्वचित लागते, आजी. बी धरत नाही सहसा."

"अप्सराच थे," आई म्हणाली आणि सावलीला जाऊन बसली.

दगडी हत्ती पाहिला. मामा त्याच्याजवळ थोडा वेळ थांबले, बहुधा सहानुभूतीनं. काळा घोडा पाहायचा राहिला, कारण तो कुठं आहे हे वहीच्या चौऱ्याऐंशीव्या पानावर होतं. शुक्रवारच्या गाडीनं परत निघालो. पूर्वेला शुक्रवारी काही दोष नाही, हे गुरुजींनी आधीच तपासून ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी मी पिशवी आणायला गेलो. गुरुजींनी ती जशीच्या तशी हाती दिली, वरची वही सोडून. वहीला उरलेल्या पानांत नवा समास पडलेला होता : "शिबपूर, हावडा." तुम्ही राणीच्या बागेला जाणार असाल तर फेब्रुवारीत जा, वर पाहत चाला, आणि यवतमाळहून मंगळवारी निघू नका. बुधवारी बाग बंद असते.